वीस शेरडं आणि पन्नास किलोची पिशवी: शेळ्यांसाठी बॅगेतला मुरघास

मुरघासाचं, म्हणजे हिरवा चारा बारीक कापून हवाबंद आंबवून ठेवण्याचं, माझं पहिलं वर्ष वाया गेलं. मका चांगला होता, पाऊसही वेळेवर थांबला होता. चुकलं ते माप. गायवाल्यांचं बघून मी एक टनाची मोठी बॅग भरली. घरात वीस शेरडं, रोजचा मुरघास तीस किलो. म्हणजे बॅगेचं तोंड सोडल्यापासून ती संपायला महिना. आठवड्यात वरचा थर हाताला कोमट लागायला लागला, पंधरवड्यात कडेला पांढरी बुरशी आली. मी बुरशी काढून टाकायची आणि खालचं घालत राहायची. महिनाअखेरीस एक पाठ (तरणी शेळी) मान एका अंगाला टाकून गोल गोल फिरायला लागली. ती वाचली नाही.

गायवाल्याची तेवढीच बॅग चार-पाच दिवसांत रिकामी होते, म्हणून त्याचं निभावतं. बॅग उघडली की दोन दिवसांत संपली पाहिजे, फार तर तीन. पिशवीचं माप, पेरायचं रान, माणसं किती बोलवायची, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. त्यामुळे आमच्याकडे आता सगळ्या पिशव्या पन्नास किलोच्या. पुढे लिहिलंय ते सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या कोरड्या हवेतलं आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर ओल जास्त असते, तिथे चारा सुकवण्याच्या पायरीला जास्त वेळ धरा.

कडब्याला पर्याय म्हणून

शेळी कडबा खाते असं आपण म्हणतो, पण ती पानं ओरबाडते आणि धाटं पायाखाली घालते. कुट्टी केली तरी निवडून खाते. त्यात ज्वारीचं क्षेत्र घटलेलं, उन्हाळ्यात कडब्याच्या शेकड्याचा भाव ऐकवत नाही. मुरघासात धाट मऊ पडतं, आंबूस वासाने शेळी तोंड घालते आणि गव्हाणीत फारसं उरत नाही.

पण भावाची तुलना करताना फसू नका. कडब्यात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, मुरघासात पासष्ट ते सत्तर टक्के. खरा चारा म्हणजे पाणी वजा करून उरतो तो. त्या हिशेबाने एक किलो कडब्याच्या जागी जवळपास तीन किलो मुरघास धरावा लागतो. कोणी तयार मुरघास किलोच्या भावाने विकत असेल तर त्या भावाला तीनने गुणा आणि मग कडब्याशी ताडून बघा.

आणि मुरघास हे शेळीचं पूर्ण जेवण नव्हे. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कोरड्या वजनावर सात-आठ टक्के, चुनाही (कॅल्शियम) कमी. शेळीची मूळ खोड झाडपाला ओरबाडायची. तिला शेवरी, सुबाभूळ, तुरीचं भुसकट, हरभऱ्याचा भुसा लागतोच. मुरघास या सगळ्याच्या जोडीला, निम्म्याच्या आतबाहेर.

किती लागेल

बत्तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण १.१ किलो कोरडा चारा लागतो. दीड किलो मुरघासातून त्यातला ४५० ते ५०० ग्रॅम मिळतो, बाकीचा पाला आणि भुसकटातून. म्हणून मोठ्या शेळीला दीड किलो हे माप धरा.

वीस शेळ्या, रोज ३० किलो. मकर संक्रांतीपासून पहिला पाऊस होऊन माळ हिरवा होईपर्यंत १५० दिवस. झाले ४,५०० किलो. उंदीर, फाटाफूट, उघडल्यावरची नासाडी यासाठी पंधरा टक्के वर धरा, म्हणजे ५,२०० किलोच्या आसपास. पन्नासच्या १०४ पिशव्या. दाणे भरलेला चाऱ्याचा मका एकरी पंधरा टन निघाला तर एवढ्यासाठी चौदा गुंठे पुरतात. मी पंधरा पेरते.

तुमच्याकडे आठच शेळ्या असतील तर रोज बाराच किलो लागतील आणि पन्नासची पिशवीही चार दिवस चालेल. मग पंचवीस-तीस किलोचीच भरा. पेंडीचं रिकामं पोतं बाहेरून आणि जाड प्लास्टिकची पिशवी आतून, एवढ्यावर काम होतं. खताचं पोतं मात्र नको, कितीही धुतलं तरी.

पीक आणि कापणीची वेळ

मका सगळ्यात सोपा, कारण त्यात साखर भरपूर असते आणि आंबवणं साखरेवरच चालतं. चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल हा वाण सगळीकडे मिळतो. जुलैत पेरला तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात कापणीला येतो. फक्त परतीच्या पावसावर नजर ठेवा.

दिवस मोजून कापू नका. कणीस सोला आणि मधून मोडा. दाण्याच्या वरच्या टोकाकडून पिवळा कडक भाग खाली सरकत येतो, खाली पांढरं दूध असतं. ती रेघ दाण्याच्या मध्यावर आली की कापणी. नखाने दाबलं तर दूध उडू नये, पण पिठासारखा मऊ चीक लागावा. त्याआधी कापलात तर पिशवीतून पाणी गळतं आणि सोबत सत्त्वही जातं. उशीर झाला तर धाट कोरडं होतं, दाबलं जात नाही आणि आत हवा राहते.

२०१८ पासून मक्यावर लष्करी अळी ठाण मांडून आहे. फवारणी केली असेल तर डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पाळा. हा चारा दुधातून, मटणातून परत आपल्याच ताटात येतो. अळीने पोखरून बुरशी आलेली कणसं वेगळी काढा. मुरघास झाला म्हणून बुरशीचं विष मरत नाही.

ज्वारीचाही मुरघास चांगला होतो, निसव्यानंतर, म्हणजे कणीस बाहेर पडल्यावर, दाणा चिकात असताना. कोवळी किंवा पाण्याविना करपलेली ज्वारी भरू नका. तिचं विष आंबवताना कमी होतं हे खरं, पण किती कमी झालं हे घरी कळायला मार्ग नाही. हत्तीगवत भरायचं तर ते फार पाणीदार असतं, कापून एक दिवस उन्हात सुकवावंच लागतं.

कापताना जमिनीपासून वीतभर धाट सोडा. खालच्या पेरात सत्त्व कमी आणि माती जास्त. माती हा शेळीच्या मुरघासाचा पहिला शत्रू, ते पुढे येईलच. कापलेला मका रानात ढेकळांवर पसरू नका, ताडपत्रीवर घ्या.

कुट्टी आणि मुठीची परीक्षा

एक ते दोन सेंटिमीटरची कुट्टी. पाती धार लावून घ्या, बोथट पातं कापत नाही, चिंध्या करतं. कुट्टी बारीक असली की दाबली नीट जाते आणि शेळीला निवडायला वाव राहत नाही.

मग मूठभर कुट्टी घट्ट आवळा आणि अर्ध्या मिनिटाने सोडा. बोटांतून पाणी गळलं तर ओल जास्त, अर्धा दिवस पसरून ठेवा. गोळा तसाच राहिला, तळहात नुसता ओलसर झाला, की भरा. गोळा सावकाश सुटला तरी चालेल. एकदम विस्कटला तर कोरडं झालंय, त्यावर हलका पाण्याचा शिंतोडा द्या आणि दुप्पट दाबा. ही मुठीची परीक्षा दर तासाला करा, कारण दुपारच्या उन्हात ढीग बघता बघता वाळतो.

गूळ, ताक, युरिया

याबाबत प्रत्येक गावाचा वेगळा मंत्र आहे. माझं मत सांगते. वेळेवर कापलेल्या मक्याला काहीच लागत नाही. टनाला दोन किलो गूळ घालून मक्यात फरक पडत नाही, कारण त्यात मुळातच त्याच्या कितीतरी पट साखर आहे. ताक शिंपडलं तर बिघडत नाही, पण मक्याच्या पानांवर आंबवणारे जिवाणू असतातच. विकत मिळणारी कल्चरची (अशाच जिवाणूंची) पूड वापरायची तर पाकिटावरच्या मापानेच, आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यात.

युरिया मात्र शेळ्यांच्या मुरघासात मी घालू देत नाही. गायींसाठी लोक टनाला किलोभर घालतात. पण हाताने मिसळताना एका पिशवीत जास्त, दुसरीत कमी असं होतंच, आणि शेळी लहान जनावर आहे. प्रथिनं हवीत तर शेवरीचा भारा टाका.

मीठ आणि खनिज मिश्रण? तेही पिशवीत नको. रोज खाण्यावर टाकलं तर किती गेलं ते नजरेसमोर राहतं.

भरणं

आतली प्लास्टिक पिशवी हाताला जाड लागणारी घ्या, १०० मायक्रॉनच्या पुढची. भरायच्या आधी फुंकून, तोंड आवळून, गालाजवळ धरून बघा. बारीक छिद्राची हवा गालाला कळते. बाहेरून विणलेलं पोतं, म्हणजे ओढताना घासत नाही.

तळाचे दोन कोपरे आत वळवून घ्या, नाहीतर तिथे हवा अडकते. वीतभराहून थोडा कमी थर टाका आणि दाबा. जमीन चोपायचा लाकडी धुमस असतो ना, त्याची कड गोल करून घेतली की यासाठी उत्तम. पायाने दाबायचं तर पाय धुऊन, अनवाणी, जोडवी काढून. आधी कडेकडेने गोल, मग मध्ये. सगळे मध्येच दाबतात आणि बुरशी नेमकी कडेला येते.

प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर ठेवा. ही सवय फार उपयोगाची. पहिली पिशवी एका खुणेपर्यंत भरून पन्नास किलो आली आणि संध्याकाळची तेवढीच भरलेली बेचाळीस आली, तर मका बदललेला नसतो, दाबणारा दमलेला असतो. माणूस बदला किंवा काम थांबवा.

थांबता येतं, हीच छोट्या पिशवीची दुसरी मजा. खड्डा एकदा सुरू केला की भरून झाकेपर्यंत सोडता येत नाही. आम्ही चार-पाच जण दिवसाला चाळीस पिशव्या भरतो आणि तीन दिवसांत उरकतो. फक्त एक पाळा, केलेली कुट्टी रात्रभर ढिगात ठेवायची नाही. सकाळपर्यंत ती आतून तापते आणि साखर जळून जाते. सूर्य मावळायच्या आत जेवढं तोंड बांधून होईल तेवढंच कापा.

बांधताना वर एक वीत प्लास्टिक मोकळं ठेवा. पिशवीवर गुडघा टेकवून हवा काढा. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी तोंडात धरून ओढा, पिशवी कुट्टीला चिकटून बसते. मग तोंडाला पीळ द्या, पीळ खाली दुमडा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळा. सुतळी प्लास्टिकला कापते आणि पुढे सैल पडते. पोत्यावर तारीख आणि वजन मार्करने लिहा.

पंचेचाळीस दिवस

पहिल्या दोन-तीन दिवसांत पिशव्या फुगतात. माझ्या पहिल्या वर्षी शेजारच्या एका भल्या माणसाने ‘वारा काढून देतो’ म्हणून सुईने टोचलं होतं. असं करू देऊ नका. आतला वायू बाहेरच्या हवेला अडवून धरतो, काही दिवसांत फुगवटा आपोआप बसतो. त्या काळात साखरेचं आम्ल होतं आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) चारच्या आसपास उतरतो. मग चारा तसाच टिकून राहतो. तीन आठवड्यांत बहुतेक काम झालेलं असतं, पण पंचेचाळीस दिवस थांबा.

पिशव्या सावलीत, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे उंदराचं येणंजाणं दिसतं. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. दोनावर तिसरी रचू नका. आठवड्यातून एकदा फेरी मारून छिद्रं बघा आणि जाड, रुंद चिकटपट्टीने लगेच बुजवा. मांजर पाळलेली बरी, पण तीच पिशवीवर नख्या घासते. आणि शेरडांना तिकडे फिरकू देऊ नका. त्यांना वास आला की पोतं फाडायला वेळ लागत नाही.

उघडल्यावर

चांगल्या मुरघासाचा रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबट-गोड असतो, पिकलेल्या फळाकडे झुकणारा. हाताला चिकटत नाही, पानाचा आणि दाण्याचा आकार ओळखू येतो. दुकानात मिळणारी पीएचची पट्टी एकदा आणून ठेवा. पिशवीतला थोडा चारा पिळून रस काढा, पट्टी बुडवा. ४.२ किंवा त्याखाली आला तर निश्चिंत. पाचच्या वर गेला तर ती पिशवी शेळ्यांना नाही.

खवट तुपासारखा किंवा ओकारीसारखा वास आला तर ओल जास्त होती. तंबाखूसारखा वास आणि तपकिरी रंग म्हणजे आत तापलं, त्यातली प्रथिनं अंगी लागणार नाहीत. काळं, बुळबुळीत, अमोनियाचा वास, निळी-हिरवी बुरशी यांपैकी काहीही दिसलं की थेट उकिरड्यावर. मी केलं तशी वरची बुरशी काढून खालचं घालू नका. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरेच खाली गेलेले असतात. पिशवीत मेलेला उंदीर किंवा साप सापडला तर अख्खी पिशवी पुरून टाका, वास कितीही चांगला असला तरी. मेलेल्या जनावरापासून जे विष तयार होतं त्यावर आपल्यापाशी इलाज नसतो.

पन्नास किलोची एक पिशवी वाया जाताना जीव तुटत नाही. एक टनाची टाकून देताना हात थांबतो, आणि तिथेच चूक होते.

खाऊ घालणं

सासूबाईंनी पहिल्यांदा वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘आंबलेलं घालतीस व्हय गं शेरडांना?’’ शेरडांचंही सुरुवातीला तेच मत असतं. पहिल्या दिवशी शेळीला मूठभरच द्या, रोजच्या भुसकटात मिसळून. दहा ते चौदा दिवसांत वाढवत दीड किलोवर या. पोटातल्या जिवाणूंना बदलायला तेवढा वेळ लागतो. एकदम घातलात तर हगवण लागते. त्यात मक्याचे दाणे जास्त असतील तर पोटात आम्ल वाढून शेळी आडवी पडते.

सकाळी आधी थोडं भुसकट, मग मुरघास, दुपारी पाला, संध्याकाळी उरलेला मुरघास. दूध काढत असाल तर धारेनंतर घाला, नाहीतर दुधाला वास लागतो. दोन-तीन तासांत गव्हाणीत उरलेलं झाडून काढा. उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत तापतं आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या चाऱ्यालाही बिघडवतं. पिशवीतून घेतल्यावर दर वेळी तोंड पिळून परत बांधा. हात आत घालून बघायची सवय लावा, कोमट लागलं की आजच संपवा किंवा टाका.

तीन महिन्यांच्या आतल्या करडांना देऊ नका. व्यायला आलेल्या शेळीच्या पोटात जागा कमी असते, तिला मुरघास थोडा कमी करून सुका पाला आणि मूठभर भरडा द्या. पोटफुगीबरोबर आंत्रविषाराचीही (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) भीती असते, म्हणून ती लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमीच ठेवा. आणि मुरघासाच्या जोडीला उसाचे वाढे नेहमी घालू नका. वाढ्यातलं ऑक्झलेट चुना बांधून ठेवतं, मुरघासात तो आधीच कमी.

गोल फिरणारी शेळी

आता मातीचं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू मातीत असतो. मुरघास नीट आंबट झाला तर तो वाढत नाही. पण माती मिसळलेला, सैल दाबलेला, हवा शिरलेला मुरघास त्याला मानवतो, आणि शेळ्या-मेंढ्या गायींपेक्षा त्याला लवकर बळी पडतात. मान एका बाजूला, एकाच बाजूचा कान आणि पापणी लोंबलेली, तोंडातून लाळ, गोल फिरणं. गाभण शेळ्या गाभडतातही. खाल्ल्यापासून लक्षणं दिसायला कित्येक आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे खराब पिशवी कोणाच्या ध्यानातही राहत नाही. पोत्यावरची तारीख इथे कामी येते. पहिल्या दिवशीच डॉक्टर आले तर औषधाने गुण येण्याची आशा असते. दोन दिवस ‘मानेत वात आलाय’ म्हणत बसलात तर नाही. घरात गर्भार बाई असेल तर तिने गाभडलेल्या शेळीला आणि तिच्या वारेला हात लावू नये, दूधही उकळूनच घ्यावं.

लसूण घासाचं काय

नुसता लसूण घास ओला भरला तर बहुतेक वेळा सडतो. त्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त, आम्ल लवकर चढत नाही. दोन वाटा आहेत. एक तर दोन-तीन भाग मक्यात एक भाग घास मिसळून भरा. नाहीतर फुलावर येताना कापून, सावलीत-उन्हात सुकवून निम्मी ओल घालवा, टनाला वीस-तीस किलो गूळ पाण्यात कालवून लावा आणि दुप्पट दाबा. या अर्धसुक्या आंबवलेल्या वैरणीला परदेशात हेलेज म्हणतात. न्यूझीलंडमध्ये तांबड्या हरणांची शेती चालते, तिथेही हिवाळ्यात सुक्या गवताच्या जोडीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आंबवलेली वैरण घालतात. हरीणही शेळीसारखंच निवडून पानं खाणारं, धाट सोडणारं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबर पाळायला बंदी आहे, तेव्हा हा प्रयोग शेळीवरच बरा. सुकवताना पानं झडू देऊ नका, घासाचं मोल पानातच असतं.

रिकाम्या पिशव्या

बाहेरचं पोतं धुऊन, वाळवून दोन-तीन वर्षं चालतं. आतली प्लास्टिक पिशवी छिद्र नसेल तरच, आणि तीही एकदाच पुन्हा. फाटलेली गोठ्याच्या आसपास पडू देऊ नका. तिला मुरघासाचा वास लागलेला असतो आणि शेळी ती चघळत चघळत गिळते. आमच्याकडे पिशवी रिकामी झाली की ती मोजून दाराआड खिळ्याला टांगली जाते. उन्हाळा संपताना खिळ्यावर १०४ भरल्या पाहिजेत.